नवव्या दिवशीचे ठिपके

१२ जानेवारी

चिमे,

वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहिलं होतं, मग तो कागद बाजूला टाकून नवा घेतला. तू ते वाचून नाक मुरडशील आणि पुढे वाचणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. दर रविवारी आईला फोन करतेस आणि चुकून मी उचलला की ठेवून देतेस. दोन वर्षं हेच चाललंय. पत्र न वाचता ठेवलंस तरी कधीतरी उघडशील, म्हणून पत्र.

आधी कामाचं. परवा माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. औषधांच्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत तू अर्ज केला आहेस आणि ‘आधीच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं मत’ म्हणून त्यांनी तो आमच्या कारखान्याकडे पाठवलाय. म्हणजे माझ्याकडे. चष्म्याच्या दुकानातलं काउंटर सोडून तू पुन्हा आपल्या कामात यायचं म्हणतेस, हे मला आईने नाही, त्या फॉर्मने सांगितलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

प्रश्न सहाच आहेत. पाच सोपे आहेत. किती वर्षं होती, कुठल्या चाचण्या येतात, वेळेवर यायची का. (वेळेवर! तुझ्याआधी तिथे फक्त पहारेकरी असायचा.) चौथ्यावर मात्र पेन अडलं. ‘या व्यक्तीच्या हातून चाचणीत चूक झाल्याची नोंद आहे का? असल्यास त्याबद्दल सविस्तर लिहा.’ नोंद आहे, तुलाही ठाऊक आहे. आणि केलेली नोंद खोडता येत नाही, हे आपण दोघी त्याच खोलीत शिकलो. पण खाली चार ओळींची जागा आहे, तिथे मी चांगलं लिहू शकते. काय लिहू ते तू सांग. एक फोन कर, म्हणजे झालं. उत्तर ३१ तारखेच्या आत जायला हवं.

आई ठीक आहे. तिला कमी ऐकू येतं, पण तिच्याबद्दल कुणी कुजबुजलं की बरोबर ऐकू येतं. मी जूनमध्ये निवृत्त होतेय. आणि हो, ते यंत्र आता आपल्या प्रयोगशाळेत कायमचं आलंय. तू ज्याच्यासाठी भांडायचीस, तेच.

ताई


२९ जानेवारी

चिमे,

फोन आला नाही. आईला म्हणालीस म्हणे, “पत्र मिळालं.” आई म्हणाली, “मग?” तू म्हणालीस, “मग काही नाही.” हे आईने मला तुझ्या आवाजात करून दाखवलं.

तुला वाटलं असेल, ताई फोनच्या बदल्यात चार ओळी द्यायला निघालीये. तसं नव्हतं. अगदीच तसं नव्हतं असंही नाही. असो. तुझी बाजू मला पाठ आहे, आज माझी ऐक.

आपण बनवतो ते ओले रुमाल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालता येत नाही, म्हणून त्याचं अंग पुसायचे. पाकिटातल्या पाण्यात जंतू असले तर ते थेट त्याच्या पाठीवरच्या जखमेत जाणार. म्हणून प्रत्येक बॅच आपल्याकडे येणार, आपण तिचा नमुना खुराकाच्या प्लेटांवर पसरणार, इन्क्युबेटरच्या उबेत ठेवणार आणि पाच दिवस वाट बघणार. जंतूंचे ठिपके उगवले तर बॅच अडकली, नाही उगवले तर सुटली. तीस वर्षं मी हेच केलं. पाच दिवस गोदाम तुंबायचं आणि आमचे उत्पादनवाले साहेब, तूच ज्यांचं नाव अर्जंटराव ठेवलंस ते, दिवसातून दोनदा दारात उभे राहायचे.

मग ते यंत्र आलं, तीन महिने वापरून बघायला. नमुना रात्रभर खुराकात ठेवायचा, मग त्यात एक द्रव घालायचा. जिवंत जंतू असेल तर उजेड पडतो, डोळ्याला न दिसणारा, आणि यंत्र तो मोजतं. आज नमुना घातला की उद्या दुपारी उत्तर. तू नव्या नवरीसारखी त्याच्याभोवती फिरत होतीस. मला ते आवडलं नव्हतं हे कबूल करते. माझ्या तीस वर्षांना कुणीतरी ‘हळू’ म्हणाल्यासारखं वाटायचं.

आणि त्या बॅचला उजेड पडला. तू पुन्हा केलंस, पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही. इकडे प्लेटा पाचव्या दिवशी आरशासारख्या स्वच्छ. अर्जंटराव म्हणाले, “बाई, प्लेटा म्हणतात माल चांगला, तुमची बहीण म्हणते वाईट. मी गाडी कुणाच्या तोंडाकडे बघून थांबवू?” मी तुला विचारलं, हातमोजे बदलले होतेस का. त्या यंत्राला माणसाच्या हाताचा घामही पुरतो, हे त्यांच्याच पुस्तकात होतं. तू म्हणालीस, “बदलले होते, बाई.” मग आपला नियम मोडलास. घरी ताई, इथे बाई, हा नियम तू बारा वर्षं पाळला होतास. म्हणालीस, “ताई, एकदा तू करून बघ. तुझ्या हाताने. फक्त एकदा.”

मी म्हणाले, वेळ नाही. आणि वहीत लिहिलं, ‘तिन्ही वेळा एकच हात. उजेडाचं कारण, चाचणी करणारीच्या हाताचा संसर्ग.’ तुझी चाचणीची परवानगी काढून घेतली गेली. बारा वर्षं काम केलेल्या बाईला नव्या मुलींच्या रांगेत हात कसे धुवायचे ते शिकायला बसवलं. चौथ्या दिवशी तू राजीनामा दिलास आणि रात्रीच्या आत घरातून सामानही नेलंस.

तेव्हा माझ्यासमोर जे होतं, त्यावरून मी लिहिलं. नियमात चूक नव्हती. फॉर्म अजून माझ्या खणात आहे. दोन दिवस उरलेत. तू फोन कर.

ताई


८ फेब्रुवारी

चिमे,

तारीख उलटली. मी फॉर्म पाठवला नाही. त्यांच्याकडे फोन केला तर एक बाई म्हणाली, “पाठवा, बघू.” ते ‘बघू’ मला आवडलं नाही, पण तरी मी पाठवला नाही. का, ते सांगायला बसलेय.

काल आईच्या पायांना तेल लावत होते. ती एकदम म्हणाली, “चिमीच्या हातात दोष नव्हता गं.”

मी म्हटलं, “कशाबद्दल बोलतेस?”

“दुधाबद्दल.”

तू तेव्हा सहा वर्षांची असशील, मी एकोणीस. आई आजारी मामाकडे गेली होती आणि जाताना मला बजावून गेली होती, दूध आलं की लगेच तापव. मी मैत्रिणीशी गप्पा मारत बसले आणि संध्याकाळी दूध फाटलं. आई आल्यावर मी सांगितलं, चिमीने हात घातला होता. तू रडलीस, नाही नाही म्हणालीस. मग मीच तुझं नाव पाडलं, नासका हात. पीठ भिजवलेलं आंबलं तर नासका हात, फुलदाणीतली फुलं कोमेजली तर नासका हात. घरात सगळे हसायचे, तूही हसायला लागलीस. मोठी झाल्यावर पाहुण्यांना स्वतःच सांगायचीस, मला दुधाला हात लावू देत नाहीत.

मी आईला म्हटलं, “तुला माहीत होतं?”

“भांडं तापवलेलंच नव्हतं. तापवलेल्या भांड्याच्या कडेला साय चिकटते. मी आई आहे, मला भांडं कळत नाही का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू मोठी. धाकटीसमोर तुझा शब्द खाली कसा पाडू?” मग तेलाच्या वाटीकडे बघत म्हणाली, “चुकलंच ते. तिचा पडू दिला.”

चिमे, त्या पाचव्या दिवशी तू ‘तुझ्या हाताने कर’ म्हणालीस, तेव्हा माझ्या डोक्यात यंत्राचं पुस्तक नव्हतं. चिमीचा हात, त्याला लागलं की नासतं, एवढंच होतं. मी शिकली-सवरलेली, जंतू कशाने वाढतात हे जगाला शिकवणारी बाई, आणि माझाच खोटा विनोद मला खरा वाटला. हे तुला सांगायला हवं म्हणून बसले होते. यापेक्षा वाईट अजून आहे. आज हात चालत नाही.

ताई


९ फेब्रुवारी

चिमे,

आज लिहितेच.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बॅच सुटून तीन दिवस झाले होते, प्लेटा पसरून नऊ. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने मारून टाकायच्या असतात, पण तो त्या आठवड्यात बिघडला होता, दुरुस्तीवाला आला नव्हता. म्हणून पाचव्या दिवशी वाचून झालेल्या प्लेटा काच धुणाऱ्या मावशींनी सिंकशेजारच्या फळीवर रचून ठेवल्या होत्या. उबेत नाही, नुसत्या खोलीत.

सकाळी मावशी म्हणाल्या, “बाई, ह्यात काहीतरी उगवलंय बघा.”

मी म्हटलं, “वाचून झाल्यात त्या.”

“वाचल्या असतील. पण उगवलंय.”

मी भिंग घेतलं. टाचणीच्या डोक्याएवढे फिकट ठिपके, चारही प्लेटांवर, आणि वर त्याच बॅचचा नंबर, माझ्याच अक्षरात. एखादाच कुठे असता तर म्हटलं असतं, हवेतून पडला. चारही प्लेटांवर सारखेच होते. रुमालातल्या औषधाने अर्धमेले झालेले, पाण्यात वाढलेले जंतू असे असतात. त्यांना आपली ऊब सोसत नाही आणि आपला खुराक भारी पडतो, म्हणून ते पाच दिवसांत येत नाहीत. गारव्याला, सवडीने, नवव्या दिवशी येतात. यंत्राला मात्र ते जिवंत आहेत एवढंच पुरलं होतं, म्हणून तुला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिन्ही वेळा तुझाच हात होता आणि तिन्ही वेळा तो बरोबर होता.

माल तेव्हा अजून वितरकाच्या गोदामात होता. एक फोन केला असता तर तिथेच थांबला असता. मी टेबलाशी बसले. फोन समोर होता. मनात म्हटलं, फोन केला तर पहिला प्रश्न येणार, मग बहिणीला का घालवलंत? मावशींना सांगितलं, ऑटोक्लेव्ह सुरू झाला की ह्या पहिल्यांदा टाका. दुपारी दुरुस्तीवाला आला. मी स्वतः उभी राहून त्या प्लेटा आत ठेवल्या आणि झाकण लावलं. वहीत काही लिहिलं नाही.

सहा आठवड्यांनी एका इस्पितळाचं पत्र आलं. एकाच वॉर्डातल्या पाच जणांना ताप, पाचही अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखमा असलेले. जखमेतला जंतू आणि आपल्या पाकिटातला जंतू एकच. चौघं बरे झाले. पलंग क्रमांक सातचा माणूस घरी गेला नाही. मला त्याचं नाव माहीत नाही, कागदावर पलंगाचाच नंबर होता. मी विचारलंही नाही.

मग धावपळ. उरलेला माल परत आणला. पाण्याच्या पाइपात एक बंद फाटा निघाला, तिथे पाणी साचून राहायचं. तो कापला. यंत्र विकत घेतलं. बैल गेला आणि झोपा केला, तसं सगळं झालं. इस्पितळाचे कागद एका कपाटात गेले, तुझी नोंद दुसऱ्या कपाटात राहिली. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडेच होत्या, आणि मी मूग गिळून बसले. तू तोवर गेली होतीस, तुला यातलं काहीच कळलं नाही. तुला आजवर वाटत असेल की कदाचित आपलंच चुकलं असेल. वाटतं का गं? हे मला दोन वर्षं विचारायचं होतं.

मागच्या महिन्यात सूचनाफलकावर माझा फोटो लागला, त्या यंत्राशेजारी. खाली लिहिलंय, ‘जलद तपासणीच्या प्रणेत्या’. मी हसतेय त्यात.

उद्या मी गुणवत्ताप्रमुखांकडे जाणार आहे. तुझ्या फोनची वाट बघत नाही.

ताई


११ मार्च

चिमे,

जे झालं ते क्रमाने सांगते.

१० फेब्रुवारीला मी लेखी जबाब दिला, प्लेटांसकट सगळा. गुणवत्ताप्रमुखांनी दोनदा वाचला आणि विचारलं, “बाई, याला पुरावा?” प्लेटा तर मीच मारल्या होत्या. मग मावशींना बोलावलं. त्या म्हणाल्या, “होतेच की ठिपके. मीच दाखवले.” प्रमुख म्हणाले, “मग इतके दिवस बोलला का नाहीत?” मावशी म्हणाल्या, “मला विचारलं कुणी?” त्या खोलीत तेवढी एकच जण ताठ उभी होती.

चौकशी चालू आहे, मी घरी आहे. जूनपर्यंत थांबायची गरज उरलेली नाही. फोटो काढला असं कळलं. अर्जंटरावांनी फोन करून विचारलं, “बाई, कशाला उकरून काढलंत?” मी पहिल्यांदाच त्यांचा फोन मध्येच ठेवला. आपल्या आईला सगळं सांगितलंय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “जेवून घे.” एवढंच.

तुझी नोंद रद्द झाली. तिच्याखाली लाल शाईत लिहिलंय, ‘चाचणी बरोबर होती. चूक वाचणाऱ्या वरिष्ठाची.’ त्याखाली माझी सही आहे.

तो फॉर्म मी नव्याने भरून, या कागदाच्या प्रतीसह १६ फेब्रुवारीला स्वतः नेऊन दिला. काल त्यांचं उत्तर आलं. दोन ओळी आहेत, तुलाही आल्या असतील, पण तुला कारण लिहिलं नसेल. जागा ६ फेब्रुवारीला भरली. निवडीत तू पहिली होतीस. आधीच्या ठिकाणचं मत मुदतीत न आल्याने दुसरीला घेतलं.

म्हणजे दुसऱ्यांदाही मीच. फॉर्म माझ्या खणात पाच आठवडे होता. तो एका दिवसात भरता आला असता, कारण खरं काय ते मला दोन वर्षं माहीत होतं. पण मला आधी तुझा फोन हवा होता. तू ‘ताई’ म्हणावंस, जरा विरघळावंस, आणि मग मी खरं बोलावं, असा माझा हिशोब होता. माफी आधी पदरात पडावी आणि गुन्हा नंतर सांगावा. तुला मी पत्रांवर पत्रं लिहीत बसले आणि ज्यांना एक कागद हवा होता त्यांना तो दिला नाही. आठ फेब्रुवारीला तुला दुधाची गोष्ट सांगून मी स्वतःवरच खूश झाले होते. तेव्हा ती जागा जाऊन दोन दिवस झाले होते.

पलंग क्रमांक सातचा माणूस उशिरामुळे गेला. तुझी नोकरीही उशिरामुळेच गेली. माझं उत्तर दोन्ही वेळा बरोबर होतं, चिमे. नवव्या दिवशी कळलं ते मी दाबलं, आणि सोळा तारखेला दिलं ते उशिरा दिलं. त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. ‘मला माफ कर’ असं लिहायला घेतलं होतं, पण ते पुन्हा तुझ्याकडून काहीतरी मागणंच झालं असतं. म्हणून नाही लिहीत.

सोबत रद्द झालेल्या नोंदीच्या पाच प्रती आहेत. प्रत्येकीवर शिक्का आहे, माझी सही आहे. माझ्या ओळखीच्या तीन प्रयोगशाळांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत. मी त्यांच्याशी बोललेले नाही आणि बोलणारही नाही. माझ्या शब्दाने तुझं काही व्हावं, अशी आता माझ्या शब्दाची लायकी नाही. तुझ्या हाताने होईल.

हे पत्र बहुधा सकाळच्या टपालात मिळेल, दुकान उघडायच्या आधी. मला उत्तर लिहीत बसू नकोस. वाचून झालं की आधी एक प्रत पाकिटात घाल, वर पत्ता लिही, आणि आजच पाठव.